गेरूच्या बारा रेघा

माझ्या सासूबाई येसूबाई यांना माकुणसार गावात कुणी कधी रडताना पाहिलं नाही. पोटचा मुलगा गेला तेव्हाही नाही. लोक म्हणत, बाई मोठी धीराची. लोकांचं काय, दुरून डोंगर साजरे. मी त्यांच्या घरात जन्म काढला. मला विचाराल तर तो धीर नव्हता, डूख होता. डूख धरलेल्या माणसाला रडायला सवड नसते.

बाई काटक होती. नऊवार कासोटा घट्ट, बोलणं त्याहून घट्ट. नवरा लवकर वारला तेव्हा पदरात एक मुलगा आणि पानवेलींची वाडी. दोन्ही तिने एकटीने वाढवली. वाडीच्या मधोमध बाव. आमच्याकडे विहिरीला बाव म्हणतात. तिचं पाणी गोडं होतं, आणि त्या पाण्याचा सासूबाईंना मुलाइतकाच अभिमान होता. कुणापुढे मान खाली घालायची नाही, हा त्यांचा एकच धर्म. देवळात नमस्कार करतानाही त्या देवाकडे सरळ बघत.

तेव्हा गावामागच्या टेकडीवर नरहरीची दगडाची खाण होती. रोज दुपारी सुरुंग उडायचे. बावेतला गाळही दुपारीच काढायचा, कारण वैशाखात ऊन डोक्यावर आलं की तेवढा वेळच तळ दिसतो. दोन्ही कामांची वेळ एक पडली, म्हणून गावाने एक रीत पाडली. ज्याच्या घरचा माणूस बावेत उतरणार, त्याने सकाळी खाणीवर नारळ पाठवायचा. खाणवाल्याने तो ठेवून घेतला की सुरुंग बंद. संध्याकाळी बावेतून वर आलेल्या माणसाने स्वतः जाऊन तो फोडायचा आणि खाणीवरच्या सगळ्यांना खोबरं वाटायचं. नारळ फुटेपर्यंत वातीला काडी लावायची नाही. या रितीला कुणी कागद केला नव्हता, पण ती कुणी मोडली नव्हती.

एकसष्ट साल. माझ्या लग्नाला दोन वर्षं झाली होती. मे महिन्यातल्या एका शनिवारी आमच्या बावेचा गाळ काढायचा ठरला आणि सकाळीच गड्याबरोबर नारळ खाणीवर गेला. माझे यजमान, कमलाकांत, बावेवर जाऊन परत आले आणि मागच्या दारात उभे राहिले.

"आई, वरच्या अंगाच्या बांधणीला पोट आलंय. दगड सुटलेत. आज नको. टेकू देऊ, मग चार दिसांनी उतरू."

"नारळ गेलाय," सासूबाई म्हणाल्या.

"मग काय झालं? दुसरा पाठवू."

"नरहरीच्या दारात दुसरा नारळ? आज थांब, उद्या थांब, असं त्याला दोनदा सांगायला जाऊ? मी नाय जाणार. दर वर्षी पोट येतंय त्या दगडांना. उतर."

नरहरीशी त्यांचं जुनं वाकडं होतं. टेकडीवरून पातेरा, म्हणजे वाळला पाला, आणायची वाट त्याने खाणीपायी बंद केली होती, आणि त्यासाठी सासूबाईंना एकदा त्याच्या दारी जावं लागलं होतं. एकदा गेल्या तेच त्यांना फार झालं होतं. कमलाकांतनी धोतर खोचलं आणि ते गेले. मी चुलीपुढे बसून हे सगळं ऐकत होते. ऐकायला माझ्याशिवाय तिथे कुणी नव्हतं.

दुपारी मी भात वेळत होते. कोपऱ्यात मडक्यांची उतरंड होती, एकावर एक सात मडकी. ती एकाएकी बोलायला लागली. आधी खालचं मडकं, मग त्यावरचं, असं करत वरच्या लोटक्यापर्यंत. हंड्यातल्या पाण्यावर वळी उठली. दारातला कुत्रा उठून उभा राहिला. सुरुंगाचा आवाज मात्र कसलाही नाही. मी हात पुसेपर्यंत बावेकडून दगड कोसळल्याचं ऐकू आलं.

सगळ्यात आधी धावत आला तो नरहरी, दहा मजूर घेऊन. त्याने स्वतः आत उतरून दगड काढले. त्याची बोटं फुटली. दिवस मावळताना कमलाकांतना वर घेतलं. काय घेतलं ते मी सांगत नाही.

अंगणात सगळं गाव जमलं होतं. नरहरी हात जोडून म्हणाला, "येसूवैनी, मी वात लावली नाय. तुमचा नारळ तसाच ठेवलाय. जमीन हलली."

सासूबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. "जमीन? आपल्याकडं जमीन कवा हललीय रे? माझा नारळ ठेवून घेतलास नि सुरुंग लावलास. मला हाव सुटली, दोन टोपल्या दगड जास्त हवा होता, असं सांग. जमिनीवर नको ढकलू."

खाणीवर सुरुंग लावणारा रामकिसन नावाचा उत्तरेकडचा परदेशी होता. तो पुढे आला. "माँ, कसम से कहता हूँ, आज बत्ती नहीं लगी. पेटी को हाथ नहीं लगाया."

परदेशी माणसाच्या शपथेला गावात काय किंमत? आमच्या गावकीचे धर्माजीदादा शहाणे गृहस्थ. त्यांनी विचारलं, सुरुंगाचा आवाज कुणी कुणी ऐकला? चौघांनी ऐकला म्हणून सांगितलं. त्या चौघांतले दोघे त्या दुपारी पालघरच्या बाजाराला गेले होते. पण तरणाताठा मुलगा गेलेल्या आईला खोटं कोण पाडणार? नरहरीने मारलं, हे त्या संध्याकाळी ठरलं.

तिसऱ्या दिवशी शिरगावची लाडकी आली. ही मांगेलीण, दिवसाआड सुकी मासळी घेऊन आमच्याकडे यायची आणि बदल्यात पानं न्यायची. ओटीवर टोपली ठेवून ती रडली, मग डोळे पुसत म्हणाली, "येसूबाय, त्याच दुपारी आमच्याकडं बी हललं गो. फळीवरची बरणी चालाया लागली. वाळवणाच्या वलांडीवरचे बोंबील झुलले, वारा नाय नि काय नाय."

शिरगाव कुठे, आमची टेकडी कुठे. तिथवर नरहरीचा सुरुंग पोचणं शक्य नव्हतं. मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांचा चेहरा हलला नाही. "दर्याकडची माणसं कायबी बोलतात," त्या म्हणाल्या. "जमीन एकदा हलत असंल तर पुन्ना हलंल. बघू किती हलते ती."

लाडकी गेल्यावर त्या चुलीतला विझलेला कोळसा घेऊन स्वयंपाकघराच्या भिंतीपाशी गेल्या. उतरंडीशेजारची ती भिंत चुन्याची, स्वच्छ होती. डाव्या टोकाला त्यांनी हातभर जागा मोकळी सोडली. "ही त्या दिवसाची," म्हणाल्या. "ती रेघ मी शेवटाला ओढीन."

त्यांचा कायदा सरळ होता. उतरंड वाजली आणि सुरुंगाचा आवाज आला, तर कोळशाची रेघ. उतरंड वाजली, आवाज नाही, आणि पुढच्या खेपेला लाडकीने शिरगावलाही हललं म्हणून सांगितलं, तरच गेरूची रेघ. भिंत कोळशाने भरेल, गेरू एकदाही लागणार नाही, आणि मग ती भिंत गावाला दाखवून नरहरीला गावातून उठवायचं, असा त्यांचा बेत. भूकंपाची अशी वही कुठल्या सरकारी कचेरीतही कुणी ठेवली नसेल. ज्या मुलखात जमीन हलत नाही, तिथे ती हलत नाही हे सिद्ध करायला एक अंगठेबहाद्दर बाई रोज उतरंडीला कान लावून बसली.

भिंत भरेपर्यंत त्या स्वस्थ बसणार नव्हत्या. बावेची बांधणी नव्याने केली ती केळव्याजवळच्या माहीमकडून दगड आणून. आपल्या टेकडीचा दगड दाराशी असताना गाडीभाडं भरून दगड आणला. मग त्यांचं पाहून गावातल्या इतरांनीही नरहरीचा दगड बंद केला. पण देवाचा न्याय उफराटा. चौसष्ट-पासष्टच्या सुमारास तारापूरला अणुवीज केंद्राचं मोठं काम निघालं, बोईसरकडे रस्ते, चाळी, गोदामं उठायला लागली, आणि नरहरीच्या दगडाला दिवसाला दहा-दहा ट्रक लागायला लागले. रामकिसन त्याच ट्रकबरोबर बोईसरला कामाला गेला तो तिकडचाच झाला. धंद्यात नरहरीला हात लावता येईना, म्हणून सासूबाईंनी त्याच्या घराला लावला.

त्याची मुलगी शकू लग्नाची होती. केळव्याचं स्थळ, मुलगा रामनाथ, सुपारीची चांगली वाडी. सुपारी फुटायच्या आठ दिवस आधी सासूबाई पानांची करंडी डोक्यावर घेऊन पायी केळव्याला गेल्या. मुलाच्या आईला पानं मोजून दिली, पाणी प्याल्या, आणि उठताना म्हणाल्या, "करा खुशाल सोयरीक. पोरगी गुणाची हाय. त्यांच्याकडनं नारळ घेताना मात्र बघून घ्या. त्या घरात नारळाला मोल नाय." एवढंच. स्थळ मोडलं. दुसरं डहाणूकडचं आलं, तेही तसंच फिरलं.

शकूची आई पारू आमच्या ओटीवर येऊन सासूबाईंच्या पायाशी बसली. "येसूबाय, माझ्या पोरीनं काय केलंय?"

"तुझी पोर घरात तरी हाय," सासूबाई म्हणाल्या आणि पानांचे गठ्ठे बांधत राहिल्या.

मी शेजारीच होते. मी पाणीसुद्धा विचारलं नाही. मला पारूची दया आली का? आली. पण दया येणं वेगळं आणि उठून पाणी देणं वेगळं.

भिंत मात्र सासूबाईंचं ऐकेना. कोळशाच्या रेघा तर रोजच्याच होत्या, पाऊसकाळात तेवढी उसंत. पण बासष्टच्या श्रावणात, खाण बंद असताना, एका दुपारी उतरंड वाजली. खालून वर, तशीच. दोन दिवसांनी लाडकी ओटीवर टेकायच्या आत म्हणाली, "परवा दुपारी आमचं पाण्याचं माठ लवंडलं." सासूबाई बराच वेळ उंबऱ्यात उभ्या राहिल्या. मग गेल्या, कुंड्यात गेरू भिजवला आणि स्वतःच्या हाताने लाल रेघ ओढली. हे मात्र त्यांच्याबद्दल सांगायलाच हवं. बाई क्रूर होती, पण तोवर रेघेला लबाड नव्हती.

त्रेसष्टच्या शेवटी दुसरी रेघ. त्या वेळी वरचं लोटकं खाली पडून फुटलं. चौसष्टमध्ये दोन. एक इतकी हलकी की फक्त हंड्यातल्या पाण्याला कळली, पण शिरगावला बोंबलांच्या वलांडीने साक्ष दिली. पासष्टला चवथीच्या आदल्या दिवशी एक, तेव्हा शेजारणीच्या पाटावरच्या मूर्तीचा हात तडकला आणि तिने तो अपशकून म्हणून माझ्याशिवाय कुणाला सांगितला नाही. सासष्टला चार. सदुसष्टच्या उन्हाळ्यापर्यंत अकरा लाल रेघा झाल्या होत्या. जिथे जमीन हलत नाही म्हणून शपथ वाहिली, तिथली जमीन सहा वर्षांत अकरा वेळा हलली होती, आणि ते ठाऊक होतं फक्त तीन बायकांना. बाकी गाव अशा वेळी म्हणायचं, ट्रक गेला असेल.

दर लाल रेघेनंतर सासूबाई दोन दिवस जेवत नसत. मी आग्रह करत नसे.

केळव्याच्या माझ्या माहेरच्यांनी मला परत न्यायला किती खेपा घातल्या. मी गेले नाही. लोक म्हणाले, सून गुणाची, सासूला सोडत नाही. गुणाची कसली. मला त्या बाईच्या तोंडून एक वाक्य ऐकायचं होतं, ते ऐकल्याशिवाय मी त्या घरातून हलणार नव्हते. नरहरीवर डूख धरायला सासूबाईंना सगळं गाव होतं. माझा डूख मला एकटीला धरायचा होता, आणि ज्या बाईवर तो होता तिलाच मी दोन वेळा वाढत होते.

मी चौथी शिकलेली. लाडकी रडून गेली त्याच दिवशी मी ट्रंकेतली एक जुनी वही काढली. भिंत धुराने काळी होते, भिंतीला चुना लागतो, आणि सासूबाईंना मी ओळखून होते. प्रत्येक लाल रेघेला मी तारीख लिहिली, वेळ लिहिली, किती मडकी वाजली ते लिहिलं, शिरगावला काय झालं ते लिहिलं. कोळशाच्या रेघा मी मोजल्या नाहीत. मला त्यांच्याशी कर्तव्य नव्हतं. प्रत्येक गेरूची रेघ सासूबाईंच्या अंगात सुईसारखी जात होती, आणि मी त्या सुया जपून ठेवत होते.

सदुसष्टच्या डिसेंबरात, सोमवारी पहाटे, कोयनेचा मोठा धक्का झाला. इतक्या लांब आमच्याकडेही गाव जागं झालं, लोक अंगणात धावले, कौलं सरकली. आमची उतरंड पार आडवी झाली. दोन दिवसांत पालघर स्टेशनवरून पेपर आला आणि धर्माजीदादांनी तो पारावर वाचून दाखवला. मग एकजण हळूच म्हणाला, "म्हंजे आपल्याकडंबी हलतं."

नरहरी पाराच्या कडेला उभा होता. सहा वर्षांत त्याला तिथे कुणी बसायला सांगितलं नव्हतं. तो धर्माजीदादांना म्हणाला, "येसूवैनीच्या घरात भिंत हाय. माझं मला काय नको. ती भिंत एकदा सगळ्यांनी बघा."

भिंतीची गोष्ट त्याला कशी कळली, कुणास ठाऊक. लाडकी त्यांच्याकडेही मासळी द्यायची. रविवारी सगळ्यांनी आमच्याकडे यायचं ठरलं.

शनिवारी मी वाडीतून आले तर घरात ओल्या चुन्याचा वास. सासूबाई भिंतीपुढे उभ्या, कोपरापर्यंत पांढऱ्या. लाल नाही, काळं नाही, भिंत नुसती पांढरीफटक.

"दिवाळीला राहून गेला होता," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, "बरं केलंत." आणि भाजी चिरायला बसले.

रविवारी धर्माजीदादा आले, त्यांच्यामागे दहा-बाराजण, शेवटी नरहरी आणि पारू. चुना अजून पुरता सुकला नव्हता. सगळ्यांनी भिंतीकडे पाहिलं आणि मग खाली पाहिलं. नरहरीने खांद्यावरच्या पंच्यातून एक नारळ काढून हलवला. आत गोटा खडखडला.

"तुमचा हाय," तो म्हणाला. "देव्हाऱ्याखाली ठेवला होता. बावेतनं वर येऊन फोडणारा आलाच नाय, मग मी कसा फोडू? वैनी, तो दिस कुठल्या रंगाचा, येवढं सांगा. माझी शकू पंचविशीची झाली."

"भिंत कोरी हाय," सासूबाई म्हणाल्या. "बघून घे."

मी आत जाऊन ट्रंक उघडली. वही आणली आणि उभ्याउभ्याच पहिलं पान वाचलं. "सहा मे एकोणीसशे एकसष्ट, शनिवार. दुपार. सातही मडकी. आवाज नाही. शिरगावला बरणी सरकली. गेरू." मग पुढच्या अकरा ओळी वाचल्या, कोयनेच्या धक्क्याच्या आधीपर्यंतच्या. पारू भिंतीला टेकून बसली तर तिच्या पाठीला चुना लागला.

"ही वही कवापास्नं?" सासूबाईंनी विचारलं.

"लाडकी रडून गेली तेव्हापासून. आणि आई, या वहीत एक ओळ कमी आहे. ती मी लिहिलेली नाही. ती तुम्ही सांगायची आहे."

त्यांना कळलं. त्या सकाळी मी चुलीपुढे बसून काय ऐकलं होतं ते त्यांना त्या क्षणी कळलं. मला वाटलं होतं त्या चवताळून उठतील. त्या स्वतःच्या, नखांत चुना उरलेल्या हातांकडे बघत राहिल्या.

"तो नको म्हणत होता," त्या म्हणाल्या. "बांधणीला पोट आलंय, टेकू देऊ म्हणाला. मी बोलले, नारळ गेलाय, उतर." मग धर्माजीदादांकडे पाहून म्हणाल्या, "नरहरीनं वात लावली नाय."

धर्माजीदादांनी डोळ्यांना उपरणं लावलं. नरहरी ज्यासाठी सहा वर्षं थांबला ते मिळालं, तरी त्याचा चेहरा उजळला नाही.

मी नरहरीच्या हातून नारळ घेतला, कोयता घेतला. बाईने नारळ फोडू नये, विधवेने तर त्याला हातही लावू नये, हे मला शिकवायला तिथे बाराजण होते. कुणी शिकवलं नाही. सगळे माझ्यामागे बावेवर आले, आणि काठावर मी एका घावात तो फोडला. पाणी केव्हाच आटलं होतं. आतला गोटा पिवळा पडून खवट झाला होता, त्याचा वास सुटला. नवऱ्याने जे करायचं राहिलं होतं ते मी केलं. पहिला तुकडा नरहरीच्या हातावर ठेवला. त्याने तो कपाळाला लावून मुठीत धरला. दुसरा सासूबाईंपुढे केला.

"ऱ्हाऊ द्या सूनबाई," नरहरी म्हणाला. "खवट हाय तो. झालं ते झालं."

"प्रसाद आहे," मी म्हटलं. "खा, आई."

सासूबाईंनी माझ्याकडे मान वर करून पाहिलं. मग तुकडा तोंडात घातला. दात थोडेच उरले होते, खोबरं दगडासारखं वाळलेलं. त्या चावत राहिल्या. लोक एकेक करून वाडीतून गेले. मी कोयता हातात घेऊन तिथेच उभी होते, त्यांनी तो घास गिळेपर्यंत.